एकेरी टप्पा

मंडळाच्या उन्हाळी सहलीला जे नेमाने येतात त्यांना आपली चालायची पद्धत ठाऊक आहे. एखाद्या तळ्याकाठी गाड्या लावायच्या, तळ्याला एक फेरी मारायची, दीड तासात पुन्हा गाड्यांपाशी यायचं आणि डिकीतून पुऱ्या, बटाट्याची भाजी, श्रीखंडाचे डबे बाहेर काढायचे. ही झाली गोल फेरी. कोणी दमलं तर "आलंच आता" म्हणता येतं, पाऊस आला तर अर्ध्यातून मागे फिरता येतं, आणि डबे कुठे आहेत हे पहिल्या पावलापासून माहीत असतं.

लांब पल्ल्याच्या पायवाटेचा एकेरी टप्पा हा प्रकार वेगळा. सकाळी निघालो तिथे संध्याकाळी आपण नसतो, दहा-बारा मैल पुढे असतो. म्हणून अशा चालण्यात पहिला विचार शेवटाचा करावा लागतो. पोचल्यावर परत यायचं कसं? आमच्या घरचा नियम चाळीस वर्षांत पक्का झाला आहे: गाडी शेवटाला ठेवायची, बसने सुरुवातीला जायचं आणि आपल्याच गाडीच्या दिशेने चालत यायचं. शेवटची बस गाठायला धावावं लागत नाही. कितीही उशीर झाला तरी गाडी उभी असते.

तसं आपल्या लोकांना हे नवीन नाही. वारी म्हणजे एकेरी टप्पेच की! आळंदीहून निघालेले वारकरी पंढरपूरपर्यंत चालतात आणि बहुतेक जण घरी येतात ते एसटीने. पुण्यात आमच्या घराजवळून पालखी जायची. लहानपणी मला टाळ-मृदंगापेक्षा दिंडीच्या ट्रकचं आकर्षण जास्त. त्यात तंबू, पातेली, शिधा, पाण्याची पिंपं आणि ज्यांना आता चालवत नाही अशी एक-दोन म्हातारी माणसं. ट्रक पुढे निघून जायचा. मुक्कामाला ही मंडळी आधी पोचत, तंबू ठोकत, चुली पेटवत. चालून आलेल्याला आल्या आल्या गरम जेवण मिळे ते त्यांच्यामुळे.

ही ट्रकची आठवण का काढली ते पुढे कळेल. आधी वाटेविषयी सांगते.

रोमन सम्राट हेड्रियन इसवी सन १२२ मध्ये ब्रिटनला आला आणि त्याच्या हुकमाने इंग्लंडच्या उत्तर भागात या समुद्रापासून त्या समुद्रापर्यंत भिंत बांधली गेली. लांबी ७३ मैल, म्हणजे रोमन मापाने ८० मैल. प्रत्येक रोमन मैलावर एक चौकी आणि दोन चौक्यांच्या मध्ये दोन बुरूज. २००३ साली या भिंतीच्या सोबतीने जाणारी ८४ मैलांची राष्ट्रीय पायवाट खुली झाली. पूर्वेचं टोक आपल्या न्यूकॅसलच्या शेजारी, वॉल्सएंडला. तिथल्या मेट्रो स्टेशनवर लॅटिनमध्येही पाट्या आहेत, बघितल्या नसतील तर जरूर बघा. पश्चिमेचं टोक बोनेसला, सॉल्वेच्या खाडीकाठी.

मी विद्यापीठातून निवृत्त झाल्यावर आम्ही दोघांनी वॉल्सएंडहून सुरुवात केली. एकदम नाही, जमेल तसं, तुकड्यातुकड्याने. नॉर्थ टाइन नदीवरच्या चोलरफर्डपर्यंत पोचलो. त्याच्या पुढचा टप्पा चोलरफर्ड ते स्टील रिग, सुमारे १२ मैलांचा. भिंतीचा सर्वांत देखणा भाग याच टप्प्यात आहे, म्हणून तो चांगल्या हवेसाठी राखून ठेवला होता. मग तीन वर्षांपूर्वी ह्यांना पार्किन्सन्सचं निदान झालं.

ज्यांच्या घरात हा पाहुणा आहे त्यांना जास्त सांगायला नको. पावलं आखूड होतात. सपाट जमिनीवर चालता चालता दार किंवा फाटक आलं की पाय जमिनीला चिकटतात. फिजिओथेरपिस्ट बाईंनी सांगितलं की तालावर चाला, मोठ्याने मोजा, जमिनीवर रेघ असेल तर ती ओलांडायची आहे असं समजा. ह्यांनी ताल निवडला तो शाळेतल्या लेझीमचा. आमच्या गल्लीतल्या इंग्रज शेजाऱ्यांना आता सकाळी सातला "एक, दोन, तीन, चार, वाक!" ऐकायची सवय झाली आहे.

बारा मैल ह्यांना शक्य नव्हते, आणि ते दोघांनाही माहीत होतं. त्यामुळे नकाशा तीन वर्षं कपाटात राहिला. या वर्षी जूनमध्ये ह्यांनीच तो काढून टेबलावर पसरला.

"अगं, ही एडी १२२ बस बघ. चोलरफर्डपासून स्टील रिगच्या पायथ्यापर्यंत तुझ्या वाटेच्या बाजूबाजूनेच जाते."

"मग?"

"मग तू चाल. मी बसने येतो. मध्ये हाउसस्टेड्सला भेटू, आणि संध्याकाळी शेवटाला."

"अहो, आणि तुम्ही दिवसभर एकटे काय करणार?"

"दिंडीचा ट्रक काय करतो? तेच."

बसचा क्रमांक १२२ कशावरून पडला हे चाणाक्ष वाचकांच्या लक्षात आलंच असेल. उन्हाळ्याच्या हंगामात ती भिंतीच्या बाजूने फिरते. ऑगस्टमधल्या एका मंगळवारी आम्ही 'द सिल' या माहिती केंद्रापाशी गाडी लावली आणि बसने उलटं पूर्वेला चेस्टर्सला आलो. पाठीवरच्या पिशवीत माझ्यासाठी पाणी, दोन पराठे, रेनकोट. ह्यांच्या पिशवीत थर्मास, डबा, दुर्बीण आणि आमचे दोन 'पासपोर्ट'. या पायवाटेचा एक छोटा पासपोर्ट मिळतो, आणि ठरावीक सात ठिकाणी त्यावर शिक्का मारून घ्यायचा असतो. शिक्का पेटीत ठेवलेला असतो, आपला आपणच मारायचा. कोणी तपासत नाही.

चेस्टर्स हा रोमन घोडदळाचा किल्ला. इथली पलटण मूळची उत्तर स्पेनमधल्या अस्तुरिया भागातली. नदीकाठी त्यांचं स्नानगृह अजून छातीभर उंचीच्या भिंतींनिशी उभं आहे. एकोणिसाव्या शतकात ही जमीन जॉन क्लेटन यांच्याकडे होती. न्यूकॅसलचे वकील आणि नगरपालिकेचे टाउन क्लार्क. शेतकरी भिंतीचे दगड काढून गोठे बांधत, म्हणून क्लेटन भिंतीलगतची शेतंच विकत घेत गेले. आज मध्यभागात जी भिंत दिसते तिचं मोठं श्रेय त्यांचं. त्यांच्या संग्रहाचं छोटं वस्तुसंग्रहालय तिथेच आहे. पुढची बस येईपर्यंत हे तिथे बसणार होते. मी निघाले. पन्नास वर्षांच्या संसारात अशा वाटेवर मी पहिल्यांदाच एकटी चालत होते.

सुरुवातीचे काही मैल वाट मिलिटरी रोडच्या सोबतीने जाते. हा रस्ता १७५० च्या दशकात बांधला. आदल्या दशकात स्कॉटलंडमधून बंडखोर आले तेव्हा सैन्याला पूर्व-पश्चिम जायला धड रस्ता नव्हता. रस्त्याला खडी हवी म्हणून हाताशी असलेली हेड्रियनची भिंतच पाडून खाली घातली. त्यामुळे इथे भिंत दिसत नाही, ती मोटारींच्या चाकांखाली आहे.

तासा-दीड तासाने लाइमस्टोन कॉर्नर आला. माझ्यासारख्या भूगर्भशास्त्राच्या बाईला इथे हसू आवरत नाही, कारण लाइमस्टोन कॉर्नरला असलेला दगड लाइमस्टोन नाहीच. तो आहे डोलेराइट, आपल्या सह्याद्रीच्या काळ्या कातळाचा चुलतभाऊ. रोमन सैनिकांनी भिंतीच्या उत्तरेला खंदक खणत आणला आणि इथे त्यांच्या पहारी थबकल्या. खंदकात भलेमोठे धोंडे अजून तसेच पडले आहेत. एका धोंड्यावर पाचर ठोकण्यासाठी पाडलेली भोकंही दिसतात. भोकं पाडून झाली, धोंडा फुटला नाही, आणि काम तिथेच थांबलं. साम्राज्याने जग जिंकलं तरी डोलेराइटपुढे हात टेकले.

या काळ्या दगडाच्या थराला व्हिन सिल म्हणतात. सुमारे साडेएकोणतीस कोटी वर्षांपूर्वी पृथ्वीच्या पोटातून तप्त रस वर आला, पण पृष्ठभागापर्यंत पोचला नाही. चुनखडी, वाळूचा दगड, शेल यांच्या जुन्या थरांमध्ये आडवा शिरला आणि तिथेच थिजला. आपला दख्खनचा बसाल्ट साडेसहा-सात कोटी वर्षांपूर्वीचा, म्हणजे वयाने बराच धाकटा, आणि तो उघड्यावर वाहून थिजला. 'सिल' हा उत्तर इंग्लंडमधल्या खाणकामगारांचा साधा शब्द. आडव्या थराला ते सिल म्हणत. तो शब्द इथून उचलून जगभरच्या भूगर्भशास्त्राने आपला केला. माझा पीएचडीचा प्रबंध याच दगडावर होता. १९७७ साली पुण्याहून आले तेव्हा या थंड, ओल्या मुलखात ओळखीचं असं एकच दिसलं, ते म्हणजे हा काळा कातळ.

पुढे कॅरोबर्गला वाटेच्या कडेला मिथ्र देवाचं छोटं मंदिर आहे. १९४९ च्या कोरड्या उन्हाळ्यात दलदल आटली, वेदींचे माथे वर दिसू लागले आणि पुढच्या वर्षी उत्खनन झालं. मूळ वेदी न्यूकॅसलच्या ग्रेट नॉर्थ म्युझियममध्ये आहेत, इथे प्रतिकृती आहेत. हा मिथ्र नावाने आपल्या ऋग्वेदातल्या मित्राचा नातलग. रोमन सैनिकांनी त्याच्या पूजेचा जो प्रकार केला तो मात्र पार निराळा. वेदीवर लोक अजून नाणी ठेवतात. मीही एक ठेवलं. जवळच कोव्हेंटिना देवीची विहीर होती. १८७६ साली तिच्यातून तेरा हजारांवर नाणी निघाली. पाण्यात नाणं टाकायची खोड सगळ्या जगाची एकच.

त्यानंतरचा माळ मोठा आणि मोकळा आहे. मेंढ्या, वारा, कुंपणावर चढायला केलेल्या लाकडी शिड्या आणि मधूनमधून गायींचे कळप. गाय आपली माता असली तरी वासराजवळून जाताना मी लांबचा वळसा घेते. या भागात एकटं चालताना पाय आपोआप पडतात आणि मन भटकतं. माझं मन साउथ शील्ड्सच्या किल्ल्यातल्या एका थडग्याच्या दगडाकडे गेलं. बाराटीस नावाचा माणूस सीरियातल्या पाल्मिराहून इथे आला. त्याची बायको रेजिना दक्षिण इंग्लंडमधल्या कॅटुव्हेलाउनी जमातीची. आधी त्याची गुलाम होती. त्याने तिला मुक्त केलं आणि तिच्याशी लग्न केलं. ती तिसाव्या वर्षी गेली. दगडावर ती खुर्चीत बसली आहे, शेजारी लोकरीच्या गुंड्यांची टोपली आहे. खाली लॅटिनमध्ये नाव, जमात, वय, जे इथल्या लोकांना समजावं ते. त्याच्याखाली एक ओळ पाल्मिराच्या लिपीत. तिथे तिचं नाव, ती त्याची होती हे, आणि शेवटी हाय-हाय करणारा एक शब्द. लॅटिन अक्षरं काढणाऱ्याचा हात थोडा चुकतो, पण या ओळीत अक्षरं सुरेख आहेत. टाइनच्या मुखाशी ती ओळ वाचू शकणारे किती असतील? तरी त्याने ती कोरवून घेतली. दोन भाषांतल्या या अंकासाठी लिहिताना मला त्याची आठवण येणं साहजिक आहे.

सूइंगशील्ड्सच्या कड्यावर चढलं की सारा देखावा बदलतो. भिंत रस्ता सोडून व्हिन सिलच्या कड्यावर चढते. थर दक्षिणेकडे कललेले आहेत, म्हणून दक्षिणेला मंद उतार आणि उत्तरेला उभा तुटलेला कडा. कोकणकड्यावर उभं राहिलेल्याला ही रचना ओळखीची वाटेल, उंची मात्र इथे फारच कमी. खाली तळी चमकत होती. माझे गुडघे आता बोलायला लागले होते.

हाउसस्टेड्सचा किल्ला टेकडीवर आणि बस थांबते ती अर्धा मैल खाली. मी खाली उतरले. हे बाकावर बसले होते, समोर डबा उघडलेला, थर्मासचा चहा कपात ओतलेला. माझा पासपोर्ट पुढे केला. त्यावर हाउसस्टेड्सचा शिक्का आधीच मारलेला.

"अहो, मी पोचायच्या आधीच?"

"तू येणार हे माहीत होतं."

"आणि तुमचा?"

"मी कुठे चाललोय? बसने आलोय. बसने येणाऱ्याचा शिक्का वेगळा असायला हवा."

हसत बोलले, पण पासपोर्ट पिशवीत खोल ठेवला होता. चहा झाल्यावर म्हणाले, "किल्ल्यापर्यंत येतो तुझ्याबरोबर."

वाटेला लागताना फाटक आलं आणि ह्यांचे पाय थांबले. मागे एक कुटुंब उभं होतं, लहान मुलांसह. मी ह्यांच्या बाजूला उभी राहिले, हात धरला नाही. हात धरून ओढलं की पाय जास्तच अडतात. उंबऱ्याकडे बोट दाखवलं आणि म्हटलं, "एक, दोन, तीन, चार." ह्यांनी "वाक!" म्हटलं आणि पाऊल ओलांडलं. मागच्या मुलांना हा खेळ वाटला असावा, कारण वरपर्यंत तीही आमच्यामागून चार-चार मोजत आली.

या पायवाटेचा एक नियम आहे. भिंतीवर चढू नका हा तर आहेच, पण गवताच्या वाटेवर एकामागोमाग चालू नका, शेजारी-शेजारी चाला, असंही सांगतात. एकाच रेषेत पावलं पडली की गवत मरतं, माती उघडी पडते आणि खालचे अवशेष झिजतात. त्या अर्ध्या मैलात आम्ही हा नियम काटेकोर पाळला. चाळीस मिनिटं लागली. वर किल्ल्यात रोमन सैनिकांचं सार्वजनिक शौचालय आहे, दगडी पाट, वाहत्या पाण्याची सोय. जगभरचे पर्यटक त्याचेच फोटो सर्वांत जास्त काढतात. ह्यांनीही काढला. मग त्या कुटुंबातल्या आजोबांनी "मीही खालीच निघालोय" म्हणत ह्यांना सोबत केली. आजोबांना खाली काही काम होतं असं मला वाटत नाही.

पुढचे तीन मैल अंतराने थोडे, पण चढउतारांचे. हॉटबँकच्या कड्यावरून खाली क्रॅग लाख तळं दिसतं, वाट पडते, पुन्हा चढते. सिकॅमोर गॅपच्या खाचेत ते प्रसिद्ध झाड आता नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये एका रात्री दोघांनी ते करवतीने कापलं, २०२५ च्या उन्हाळ्यात त्यांना शिक्षाही झाली. उरलेल्या बुंध्याभोवती कुंपण आहे आणि त्या बुंध्याला २०२४ मध्ये नवे कोंब फुटले. मी पाच मिनिटं थांबले. थांबलेले सगळेच जण हळू आवाजात बोलत होते.

शेवटचा पील क्रॅग्जचा उतार म्हणजे गुडघ्यांची परीक्षा. दगडी पायऱ्या सरळ खाली जातात. काठी पुढे, पाऊल मागून, असं करत उतरले, आणि उतरता उतरता माझ्याही तोंडून मोजणी सुरू झाली: एक, दोन, तीन, चार. ज्यांच्यासाठी हा ताल शिकले ते दूर होते आणि तो मला खाली उतरवत होता.

'द सिल'च्या इमारतीवर गवताचं छप्पर आहे, उतरणीवरून चालत वर जाता येतं. तिथून कडे समोर दिसतात. हे तिथे दुर्बीण घेऊन बसले होते. मी पोचल्यावर पहिलं वाक्य: "पील क्रॅग्जवर तू अकरा मिनिटं घेतलीस. लाल टोपी घातलीस ते बरं केलंस." दुसरं वाक्य: "आत त्या सिकॅमोरचा ओंडका ठेवलाय. मिठी मारू देतात. मारून आलो."

घरी येऊन पिशव्या रिकाम्या करताना ह्यांचा पासपोर्ट हाती लागला. हाउसस्टेड्सच्या चौकटीत शिक्का होता, तिरका, अर्धा चौकटीच्या बाहेर. टेकडी उतरल्यावर मारला असणार. मी काही बोलले नाही. तेच म्हणाले, "मी चालतो तसाच उठलाय. पण एक मैल चाललो. जाऊन-येऊन."

मंडळातल्या आपल्या पिढीचे बरेच जण आता या वळणावर आहेत. एकाला चालवतं, दुसऱ्याला नाही. चालवत नाही त्याच्यासाठी दुसराही घरी बसतो आणि मग दोघंही खिडकीतून बाग बघतात. त्यांना मी एवढंच सांगेन की बसचं वेळापत्रक मागवा. एकेरी टप्प्याला शेवटाशी कोणीतरी लागतंच. ती जागा रिकामी असेल तर टप्पा होत नाही. मी त्या दिवशी बारा मैल निर्धास्त चालले, कारण मुक्कामी चूल पेटलेली होती.

आमचा पुढचा टप्पा स्टील रिग ते वॉलटाउन. तिथे रोमन सैन्याचं वस्तुसंग्रहालय आहे आणि दाराशी एडी १२२ थांबते. मध्ये कुठे भेटायचं यावर अजून वाद चालू आहे. मला सपाट जागा हवी आहे. ह्यांना चढ असलेली.